मदत हवी आहे: 'फाईल सापडत नाही' म्हणणाऱ्या पंचायतीवर माहिती आयोगात दाद कशी मागावी?

नमस्कार मंडळी. उत्तर गोव्यातल्या आमच्या गावात ओहोळाला लागून भराव घालून बांधकाम उभं राहिलंय. पावसात पाणी थेट वायंगणात, म्हणजे भातशेतीत, शिरतं. ग्रामसभेत विचारलं तर नुसती टोलवाटोलवी, म्हणून परवान्याची प्रत माहिती अधिकारात मागितली. उत्तर एका ओळीचं: 'सदर फाईल सापडत नाही.' खाली सही आणि गोल शिक्का. गटविकास अधिकाऱ्यांनी पहिल्या अपिलात प्रत द्या म्हटलं, तरी काही हललं नाही.

आता पणजीला राज्य माहिती आयोगाकडे जायचंय. दुसऱ्या अपिलाला 90 दिवसांची मुदत असते. माझी अडचण अशी: माहिती अधिकार कायद्याच्या कलम 18 च्या तक्रारीत आयोग दंड करू शकतो, पण माहिती द्यायला लावू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात म्हटलंय. मला दोन्ही हवंय. मग कलम 19(3) चं दुसरं अपील आणि तक्रार एकदम घालावी का? की अपिलातच कलम 20 खाली दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000, दंड मागितला तर पुरतं?

फाईल हरवणं ही माहिती नाकारण्यासाठी कलम 8 मध्ये दिलेली सूट नव्हे, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. चौकशी करून जबाबदारी ठरवा, असा आदेश गोव्यात कोणी मिळवलाय का? अर्जात नेमकी मागणी कशी लिहिली होती? आणि अपील मराठीतून चाललं का? 1987 च्या राजभाषा कायद्यात मराठीला वाव आहे, पण अनुभव असलेल्यांनी सांगितलं तर बरं होईल.