विषय: विद्यापीठाच्या आवारात डिस्क गोल्फ – चकती डावीकडेच पडते, उपाय?

नमस्कार मंडळी,
डिस्क गोल्फ (चकती फेकत साखळ्यांच्या बास्केटपर्यंत न्यायचा खेळ) नुकतंच सुरू केलंय. उजव्या हातानं बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा ओढून) फेकल्यावर चकती आधी वर चढते आणि मग डावीकडे कोसळते. कोर्स इमारतींच्या मधून जातो, पायवाटा भरपूर. लांब जाणारी चकती, म्हणजे ड्रायव्हर, घ्यावी का? आणि पायवाटेवर पडलेल्या चकतीचा नियम काय?

उत्तर:
ड्रायव्हर आत्ता घेऊ नका. चकतीवर चार आकडे असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचं उजवीकडचं वळण आणि शेवटची डावीकडची घसरण. पहिला आकडा 10 ते 14 असलेली चकती तेवढ्या जोरानं सुटली नाही, तर वळण घेतच नाही, थेट घसरणीवर येते. म्हणजे डावीकडे पडणं उलट वाढेल. 2-3 वेगाचा पटर (जवळच्या फेकीची चकती) आणि 5 / 5 / −1 / 1 च्या आसपासचा मिडरेंज (मध्यम अंतराची चकती), वजन 160 ते 170 ग्रॅम, एवढ्यावर आवारातला बहुतेक कोर्स खेळता येतो.

वर चढण्याचं कारण मात्र जवळजवळ नेहमी एकच: सुटताना चकतीची पुढची कड वर असते. मग हवेचा अडथळा वाढतो, वेग मरतो आणि उजव्या हाताच्या बॅकहँडची चकती वेग मेल्यावर डावीकडेच जाते. चकती तळहाताच्या तिरक्या घडीत बसवा. तांब्यातून पाणी ओतताना मनगट जसं पुढे झुकतं, तसं झुकवा आणि छातीजवळून सरळ रेषेत ओढा. हात अर्धवर्तुळात फिरला की सुटण्याचा क्षण चुकतो. धावत पावलं टाकण्याआधी हे जागेवर उभं राहून पक्कं करा. ही पायरी गाळणाऱ्यांची फेक सुधारायला फार वेळ लागतो.

समोरून वारा असेल तर चकती वर उचलली जाते आणि उजवीकडे वळते, तेव्हा जास्त घसरणीची चकती घ्या. वारा पाठीमागून असेल तर ती लवकर खाली बसते.

उत्तर:
वरच्या दादांशी सहमत. ताई, नियमाचं मी सांगते.

पायवाट हद्दीबाहेर धरली आहे का, ते टी-पॅडजवळच्या (पहिली फेक जिथून करतात त्या जागेजवळच्या) पाटीवर बघा. प्रत्येक कोर्सवर वेगळं असतं. धरली असेल तर संपूर्ण चकती बाहेर असेल तरच दंड, एक फेक. कड जराशी जरी हद्दीत असली तरी ती आत. बाहेर गेली असेल तर ती शेवटची जिथे हद्दीत होती, तिथून आतल्या बाजूला 1 मीटरपर्यंत जागा घेता येते. हरवलेली चकती शोधायला 3 मिनिटं मिळतात.

पण आवारात नियमाआधी माणसं येतात. तास सुटायच्या वेळी पायवाटेवरून फेकूच नका. रस्ता रिकामा होईपर्यंत थांबा, आंधळ्या वळणावर गटातल्या एकाला पुढे उभं करा. 170 ग्रॅमची कडक कड डोक्याला लागली तर गंभीर इजा होते.

पटिंगचं (बास्केटजवळच्या फेकीचं) एक लिहायचं राहिलं होतं. बास्केटपासून 10 मीटरच्या आत फेकल्यावर तोल सांभाळूनच मार्करच्या (चकतीची जागा दाखवणाऱ्या खुणेच्या) पुढे जायचं, नाहीतर एक फेक दंड. साखळ्यांवर मारूनही चकती डावीकडून आरपार निघून जाते ना? ती वरून पाहता घड्याळाच्या दिशेनं फिरत असते. खांबाच्या डावीकडे लागली तर त्या फिरण्यानं पुढे ढकलली जाते, उजवीकडे लागली तर मागे ओढली जाऊन ट्रेमध्ये (साखळ्यांखालच्या जाळीत) पडते. म्हणून नेम खांबाच्या किंचित उजवीकडे धरा. बास्केटच्या माथ्यावर अडकलेली चकती आत गेली असं धरत नाहीत.

उत्तर:
चकतीच्या मागे शाईनं संपर्क क्रमांक लिहा. झुडपात सापडलेली चकती परत येते ती त्यामुळेच. गवतात दिसेल असा भडक रंग घ्या. हिरवी आणि तपकिरी टाळा.