‘फंक्शनल कनेक्टिव्हिटी’ला मराठीत काय म्हणावं? (संदर्भ : पार्किन्सन्स)

अनुवादिका :
पार्किन्सन्सच्या शुभार्थी-शुभंकरांसाठी (म्हणजे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी) एक लेख मराठीत आणते आहे. या आजारात मेंदूतल्या जाळ्यांची ‘फंक्शनल कनेक्टिव्हिटी’ कशी बदलते, हा विषय. मी सरसकट ‘जोडणी’ लिहीत गेले. मग पुटामेन या मेंदूतल्या खोलवरच्या, हालचालींशी संबंधित भागाबद्दलचं वाक्य असं झालं : ‘पुटामेनच्या मागच्या भागाची जोडणी कमी होते, पुढच्या भागाची वाढते.’ मसुदा वाचून एका काकूंनी विचारलं, “म्हणजे ह्यांच्या मेंदूतल्या शिरा तुटल्यात का?” शब्द बदलायला हवा हे तेव्हाच कळलं. ‘संलग्नता’, ‘संधान’, ‘सहसंबंध’ यांतलं काय बसेल?

मेंदूअभ्यासक :
काकूंना तिकडे शब्दानेच नेलं. ‘जोडणी’ म्हटलं की दोन टोकं आणि मधे काहीतरी धरून ठेवणारं, असंच डोळ्यांपुढे येतं. तसं खरोखर मोजतात ती स्ट्रक्चरल कनेक्टिव्हिटी. डिफ्यूजन एमआरआय या प्रकारच्या तपासणीत दिसणारे मज्जातंतूंचे जुडगे. त्यासाठी ‘जोडणी’ अगदी योग्य आहे, तो शब्द तिथेच राखून ठेवा.

फंक्शनलमध्ये मोजतात ते वेगळंच. माणूस एमआरआय यंत्रात नुसता पडून असतो आणि मेंदूच्या जागोजागच्या रक्तातल्या ऑक्सिजनचे चढउतार नोंदवले जातात. दोन जागांचे चढउतार एकाच वेळी होत असतील, तर त्यांची कनेक्टिव्हिटी जास्त. १९९५ साली भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बोटं हलवताना कामाला लागणारे डाव्या-उजव्या बाजूंचे भाग, बोटं स्वस्थ असतानाही एकमेकांच्या बरोबरीने वरखाली होतात. या शाखेची सुरुवात तिथून झाली. दिंडीत पुढच्या नि मागच्या टोकाचे टाळकरी एका ठेक्यात वाजवतात, त्यांच्यामधे दोरी नसते. दोघंही पखवाज ऐकत असतात. फंक्शनल कनेक्टिव्हिटी म्हणजे तो ठेका जुळणं. म्हणून माझं मत ‘मेळ’ या शब्दाला. मेळ बसतो, मेळ बिघडतो; क्रियापदं आयती मिळतात.

‘सहसंबंध’ नको, तो संख्याशास्त्राने आधीच घेतला आहे. ‘संधान’ वाचून कुणीतरी कारस्थान करतंय असं वाटतं.

शब्दप्रेमी :
‘मेळ’ गोड आहे, पण एक अडचण. मेळ वाढला म्हणजे चांगलंच झालं असं मराठी कान ऐकणार. आजारात वाढलेला मेळ वाईटही असू शकतो ना?

मेंदूअभ्यासक :
असू शकतो, आणि लेखात हे यायलाच हवं. डोपामिन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन सर्वांत आधी आटतं ते पुटामेनच्या मागच्या भागातलं. २०१० मध्ये नेदरलंड्समधल्या हेल्मिक यांच्या गटाने दाखवलं की त्या भागाचा पॅरायटल कॉर्टेक्सशी, म्हणजे मेंदूच्या वरच्या-मागच्या बाजूच्या बाह्य थराशी, मेळ कमी झालेला असतो आणि पुढच्या, कमी झळ पोचलेल्या भागाचा वाढलेला असतो. हा मेंदूने स्वतःचा केलेला बचाव असावा, असा एक अर्थ लावतात.

दुसरीकडे सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा मेंदूतला खोलवरचा छोटा भाग बघा. तिथे सेकंदाला १३ ते ३० आवर्तनांच्या विद्युत लहरी, म्हणजे बीटा लहरी, प्रमाणाबाहेर एकसुरात चालतात आणि हालचाल मंदावण्याशी, ताठरपणाशी त्यांचं नातं आहे. लेव्होडोपाची, म्हणजे डोपामिनची उणीव भरून काढणारी, गोळी लागू पडली की त्या ओसरतात. म्हणजे इथला ‘जास्त मेळ’ हाच त्रास. या ठिकाणी मी ‘मेळ’ न म्हणता ‘एकसुरीपणा’ म्हणेन. ‘हायपरकनेक्टिव्हिटी’तल्या ‘हायपर’ला सगळीकडे ‘अति’ लावू नका. मूळ लेखक नुसती वाढ सांगतोय की अतिरेक, हे बघून ‘वाढलेला’ किंवा ‘प्रमाणाबाहेर’ लिहा.

शुभंकर, पुणे :
शब्दांतलं मला फार कळत नाही. माझ्या घरी पार्किन्सन्स आहे म्हणून सांगतो. तुमच्या लेखात मोजमाप ‘ऑन’मध्ये (गोळीचा असर असताना) झालं की ‘ऑफ’मध्ये (असर नसताना), हे जरूर लिहा. आमच्याकडे हे दोन शब्द चहासाखरेइतके रोजचे आहेत, त्यांचं मराठी करू नका. ‘औषधप्रभावित अवस्था’ असं एका पत्रकात वाचलं आणि बायकोला वाटलं, गुंगी आलेल्या माणसाबद्दल आहे. आणि असा एमआरआय करून घ्यायचा का, हेही लोक विचारतीलच.

मेंदूअभ्यासक :
ऑन-ऑफचा मुद्दा अगदी महत्त्वाचा. गोळीने हे आकडे बदलतात, त्यामुळे ती नोंद नसेल तर तुलनेला अर्थ राहत नाही. डोकं हललं तरी खोटा मेळ दिसतो आणि कंप असलेल्यांना स्थिर पडून राहणं किती कठीण, हे तुम्हाला सांगायला नको. एमआरआयचं म्हणाल तर, हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. एका माणसाचं निदान त्यावरून करत नाहीत. ते डॉक्टर तपासणी करून, लक्षणं आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद पाहूनच करतात. अनुवादिकाताई, ‘गटाच्या सरासरीत’ हे शब्द दर निष्कर्षाच्या वाक्यात राहू द्या, वाक्य लांबलं तरी चालेल.

अनुवादिका :
आता वाक्य असं केलंय : ‘गटाच्या सरासरीत, पुटामेनच्या मागच्या भागाचा पॅरायटल कॉर्टेक्सशी असलेला मेळ कमी झालेला आणि पुढच्या भागाचा वाढलेला दिसला.’ काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी शिरांबद्दल काही विचारलं नाही, “मग पुढचा भाग किती दिवस सांभाळून घेईल?” असं विचारलं.

‘इफेक्टिव्ह कनेक्टिव्हिटी’ अजून अडलं आहे. तिथे एका भागाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम अभिप्रेत आहे, त्यामुळे ‘प्रभावी’ लिहिलं तर ‘गुणकारी’ असा अर्थ निघेल. सध्या ‘प्रभावाची दिशा’ लिहिते आहे. याहून नेमकं कुणाला सुचतंय का?