बंद घराच्या दारासाठी मल्टिपर्पज सेन्सर: चिऱ्याच्या भिंतीतून रेंज मिळेल?

पडवीकर:
गुहागरजवळचं आमचं घर गणपती-शिमगा सोडला तर बंदच. मागचं दार उघडलं तर मुंबईत कळावं, म्हणून झिगबीचा (कमी विजेवर चालणारं बिनतारी तंत्र) सेन्सर घेतोय. हब (सेन्सरचा सिग्नल घेऊन इंटरनेटवर पाठवणारा डबा) माजघरात, दार दोन जाड चिऱ्याच्या भिंतींपलीकडे. जमेल का? आत बुरशीही फार धरते, तेही त्यातच कळेल ना?

मांगरवाला:
जमेल, पण मधे एक झिगबी स्मार्ट प्लग लावा. बॅटरीवरचे सेन्सर दुसऱ्याचा सिग्नल पुढे पाठवत नाहीत, ते काम विजेवरच्या उपकरणांचं. पावसात लाइट जाणारच, तेव्हा हब, राउटर आणि प्लग तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

खरी गंमत दाराची. आमचं फणसाचं दार आषाढात असं फुगतं की कडी लावली तरी फटीत बोट जातं. सेन्सरचे दोन भाग असतात, एक दारावर नि एक चौकटीवर; त्यातला चुंबक सेन्सरपासून लांब राहतो आणि ॲप रात्रभर ‘दार उघडं’ म्हणून बोंबलतं. म्हणून जागा भर पावसात, दार फुगलेलं असतानाच ठरवा. ओल्या चौकटीवर चिकटपट्टी टिकत नाही, स्क्रू मारा. कंपनाची सूचना मात्र बंद ठेवा, नाहीतर कौलांवर वानरं आली की फोन वाजत राहील.

खाडीपलीकडचा:
बुरशीसाठी दमटपणा मोजणारा वेगळा घ्या भाऊ. मल्टिपर्पजमध्ये बहुधा दार, कंपन आणि तापमान एवढंच असतं. गणपतीला आलात की सेलचे पत्रे पुसा, खाऱ्या हवेनं हिरवे पडतात.

पडवीकर:
वानरांचं लक्षातच नव्हतं! तो प्लग ओटीवर लावला तर चालेल ना?