प्रतिसाद: ग्रासमधील सत्र आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल

एका टर्मिनलमध्ये मॅपसेट (एका कामाचे नकाशे ठेवण्याचा कप्पा) बदलला तरी दुसऱ्या टर्मिनलमधील ग्रास (नकाशे व भौगोलिक माहिती हाताळणारे सॉफ्टवेअर) जुन्याच मॅपसेटवर काम करत राहते, असे आपण लिहिले आहे. हा बिघाड नसून ग्रासची रचनाच तशी आहे. सत्र सुरू होताच एक छोटी मजकूर फाइल तयार होते आणि तिचा पत्ता 'जीआयएसआरसी' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (शेलने, म्हणजे टर्मिनलमधील आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, नावानिशी जपलेल्या मूल्यात) ठेवला जातो. डेटाबेसचा मार्ग, लोकेशन (एकाच निर्देशांक पद्धतीतील मॅपसेटचा संच) आणि मॅपसेट यांची नावे मात्र त्या फाइलमध्येच असतात, त्यामुळे मॅपसेटचे नाव शेलमध्ये 'एक्सपोर्ट' करून (म्हणजे व्हेरिएबलमध्ये भरून) मॅपसेट बदलत नाही.

ठाणे खाडीतील कांदळवनाचे नकाशे करताना मी ऐरोली आणि कोपरी या भागांसाठी दोन मॅपसेट ठेवले होते आणि अगदी याच ठिकाणी अडलो होतो. दोन्ही टर्मिनलमध्ये 'इको' देऊन जीआयएसआरसी छापून पाहिले, तेव्हा दोन वेगळ्या फाइलींचे पत्ते दिसले आणि उलगडा झाला.

मॅपसेट बदलायचा असेल, तर 'जी.जीआयएसएन्व्ह' या आज्ञेने त्या फाइलीत नाव थेट लिहिण्यापेक्षा 'जी.मॅपसेट' ही आज्ञा वापरणे केव्हाही चांगले, कारण तो मॅपसेट दुसऱ्या सत्राने कुलूपबंद केला आहे का, हे ती आज्ञा आधी तपासते.

'विंड_ओव्हरराइड' या दुसऱ्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचे मात्र तसे नाही. एकाच मॅपसेटमध्ये दोन स्क्रिप्ट समांतर चालवताना एकीने बदललेला रीजन (गणनेसाठी ठरवलेली हद्द व चौकटींचा आकार) दुसरीचे रास्टर (चौकटींचा नकाशा) बिघडवतो. म्हणून प्रत्येकीचा रीजन आधी 'जी.रीजन'ने नाव देऊन जतन करावा आणि ते नाव या व्हेरिएबलमध्ये एक्सपोर्ट करावे. इथे एक्सपोर्ट खरोखर लागू पडते.