चिकू : चिकाचा की मेक्सिकोचा?

प्रश्न : कच्चा चिकू तोडला की देठाशी पांढरा चीक येतो, बोटं चिकटतात. आमच्या डहाणूकडे तर सगळे म्हणतात, 'चीक' म्हणून 'चिकू'. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद : ताई, जुळतं छान, पण व्युत्पत्ती ही नव्हे. झाड मूळचं दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ भागातलं. मध्य मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत फळाचं नाव 'शिकोत्सापोत्ल'. 'शिकोत्ली' म्हणजे भुंगा आणि 'त्सापोत्ल' म्हणजे मऊ, गोड फळ. स्पॅनिश लोकांनी त्याचं 'चिकोसापोते' केलं. फिलिपिन्समध्ये आजही फळाला 'चिको' म्हणतात, आणि आपला 'चिकू' त्याच घराण्यातला. काही जण स्पॅनिश 'चिको' (लहान) सांगतात, ते मला पटत नाही. भुंगा मागे टाकून लहानपणा कशाला आणायचा?

प्रश्न : मग च्युइंगगमचं 'चिक्ले'?

प्रतिसाद : तो शब्द वेगळा, झाड तेच. नाहुआत्लमध्ये 'त्सिक्त्ली' म्हणजे चघळायचा चीक. मेक्सिकोतल्या युकातानच्या जंगलात चिक्ले काढणारे, त्यांना 'चिक्लेरो' म्हणतात, पावसाळ्यात दोर कमरेला बांधून उंच चढतात आणि कोयत्यासारख्या माचेतेने खोडावर नागमोडी खाचा घेतात. चीक खाचेखाचेतून घरंगळत बुंध्याशी बांधलेल्या पिशवीत उतरतो. मग तो कढईत आटवून त्याच्या वड्या पाडतात. एकदा खाचलेल्या झाडाला पुढे काही वर्षं विसावा द्यावा लागतो, नाहीतर ते मरतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर कृत्रिम डिंक स्वस्त झाला आणि हा धंदा बसला.

याच झाडाचं लाकूड लोखंडासारखं कठीण. ग्वाटेमालातल्या तिकाल या प्राचीन शहरात माया लोकांच्या मंदिरांत दारांवर याच्या कोरीव तुळया होत्या, आणि हजाराहून जास्त वर्षं होऊनही त्यांतल्या काही टिकून आहेत.

आता माझा आग्रह. कोशांत 'चिकू'पुढे नुसतं 'स्पॅनिश' लिहू नये, 'नाहुआत्ल' लिहावं. ही काही मेलेली भाषा नाही. २०२०च्या मेक्सिकोच्या जनगणनेत ती बोलणारे १६ लाखांवर होते. 'टोमॅटो' आणि 'अ‍ॅव्होकॅडो' हे शब्दही तिच्यातलेच. आणि ज्यांच्या रानात हे झाड वाढलं त्या युकातानच्या मायांची भाषा पूर्णपणे वेगळ्या कुळातली. ते चिकूला 'या' म्हणतात.