पहिला गेमिंग संगणक, साठ हजार रुपये: आधी ग्राफिक्स कार्ड की आधी एसएमपीएस?

धागाकर्ता: जुळे सोलापूरकर

माझा भाचा यंदा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेला असून त्याला गेमिंगचा संगणक स्वतःच्या हाताने जोडायचा आहे. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस घरात आहेत. बाकी सगळ्यासाठी माझ्या बहिणीने साठ हजार रुपये काढून ठेवले आहेत आणि त्यावर एक पैसाही मिळणार नाही, असे त्याला आणि मला दोघांनाही बजावले आहे. यादी त्याने केली, मी वाचली, आणि आमचे जे वाजले ते अजून मिटलेले नाही.

यादीत रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर आहे, आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे, पुढच्या बाजूला अखंड काच आणि रंगीत दिव्यांचे पंखे असलेले कॅबिनेट आहे, आणि एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, रकान्यात ‘कॅबिनेटबरोबर येतो तो’ एवढेच लिहिले आहे. माझा आक्षेप या शेवटच्या दोन ओळींना आहे.

कॅबिनेटबरोबर मिळणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट असे ठळक छापलेले असते, पण प्रोसेसर आणि कार्ड ज्या १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात तिची क्षमता लेबलवर वेगळी शोधावी लागते आणि ती बहुधा त्याहून बरीच कमी भरते. कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर त्यात पुष्कळदा नसतेच. मग दुकानदार चार पिनांच्या जुन्या वायरीवरून जोड काढून देतो, आणि त्या जोडावर मुले सलग चार-चार तास खेळतात. विजेचा दाब वरखाली झाला किंवा वीज जाऊन झटक्याने परत आली, तर असला एसएमपीएस एकटा जळत नाही, कधीकधी मदरबोर्ड आणि कार्डही बरोबर घेऊन जातो.

दुसरी गोष्ट उन्हाची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि स्लॅबखालच्या माडीवर रात्री दहा वाजतासुद्धा भिंतीला हात लावला तर चटका जाणवतो. खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश कॅबिनेटमधले भागही वर चढतात. म्हणजे पंचवीस अंशांच्या खोलीत घेतलेल्या चाचणीत जे कार्ड ७५ अंशांवर राहिले, ते इथे पंखे पूर्ण वेगाने फिरूनही नव्वदीच्या आसपास जाईल. त्यात पुढून काच लावून हवा अडवायची, हे मला समजत नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की, कार्ड आत्ता घेऊच नये. ज्याच्या आतच ग्राफिक्स आहे असा रायझन ५ ५६००जी घ्यावा, नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस, जाळीचे कॅबिनेट, बी५५० चिपसेटचा बोर्ड आणि ६०० व्हीएचा यूपीएस घ्यावा, आणि कार्ड पुढच्या वर्षी बसवावे. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद: विजापूर रस्ता

एसएमपीएस आणि कॅबिनेट याबाबत आपण म्हणता ते मला शब्दशः मान्य आहे, पण त्यावरून ५६००जीवर उडी मारणे मुळीच पटले नाही. नावात एका अक्षराचा फरक असला तरी हे दोन प्रोसेसर सारखे नाहीत. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान स्मृती, आहे, ५६००जीमध्ये १६ एमबी. ५६०० ला पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या वाटेची, चौथी पिढी वापरता येते, ५६००जी तिसऱ्या पिढीवर थांबतो, मग बोर्ड बी५५० असो वा आणखी काही. म्हणजे पुढच्या वर्षी आपण त्यावर कार्ड बसवाल तेव्हाही गेममध्ये तो ५६०० च्या मागेच राहील, आणि बी५५० साठी दिलेले जादा पैसे वाया जातील ते वेगळेच.

शिवाय आतल्या ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते, ते रॅममधूनच उसनवारी करते; त्यामुळे ८ जीबीच्या दोन पट्ट्या जोडीने लावाव्याच लागतात, एका पट्टीवर त्याचा वेग दारुण घसरतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कसे चढले ते सगळ्यांनी पाहिले आहे, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपले उत्पादन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरकडे वळवले. जो भाग आज महाग आहे त्यावरच भिस्त ठेवणारी रचना काटकसरीची कशी म्हणावी? १०८० पी मॉनिटरवर हलके ऑनलाइन गेम ५६००जी चालवेल, यात वाद नाही. अलीकडचे जड गेम मात्र सगळ्या सेटिंग खाली ओढूनही अडखळतील, आणि दोन महिन्यांत मुलगा कंटाळेल.

शेवटचा प्रश्न व्यवहाराचा आहे. पुढच्या वर्षी कार्डासाठी बहिणीकडे पैसे मागायला आपण स्वतः जाणार आहात का?

प्रतिसाद: पूर्वभागकर

जाळीच्या कॅबिनेटचा सल्ला सरसकट देऊ नये, एवढेच सांगायला लिहीत आहे. आमच्या घराला लागून यंत्रमाग आहेत. टॉवेलच्या सुताचे बारीक तंतू दिवसभर हवेत असतात आणि ते साध्या धुळीसारखे झटकून निघत नाहीत. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये त्यांची अक्षरशः गादी तयार होते. मोठ्या भोकांची जाळी आणि मागे फिल्टर नाही, असे कॅबिनेट आमच्याकडे चार महिन्यांत काचेच्या कॅबिनेटपेक्षा जास्त तापू लागले होते. काढून धुता येईल असा फिल्टर असेल तरच जाळी घ्यावी, आणि तो दर पंधरवड्याला धुवावा. ब्लोअरने आत हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते.

प्रतिसाद: नवी पेठ

इतका काथ्याकूट कशासाठी करायचा? कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय७ प्रोसेसरचे संगणक स्वच्छ करून विकायला येतात. ते घ्यावे, त्यात सेकंडहँड कार्ड घालावे, आणि निम्मे पैसे बहिणीला परत करावेत. चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत, मुलाला आणखी काय हवे?

प्रतिसाद: होटगी रोडवरून

नवी पेठ यांचा सल्ला चार-पाच वर्षांपूर्वी मीही दिला असता. आता तो देता येत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. आडमार्गाने ती जुन्या संगणकावर घालता येते हे मला ठाऊक आहे, पण व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या संगणकातल्या सुरक्षेच्या सोयी असल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि महाविद्यालयात जाणारी मुले नेमका तोच खेळतात.

दुसरी अडचण जोडताना कळते. त्या कार्यालयीन संगणकांपैकी बऱ्याचशांचा एसएमपीएस तीनशे वॅटच्याही आत असतो, बोर्डाची वायर कंपनीची स्वतःची असते, त्यामुळे बाजारातला नेहमीचा एसएमपीएस त्यात थेट बसत नाही. माझ्या चुलत भावाने असा संगणक घेतला, मग जोडवायर मागवली, मग कार्ड लांबीला बसेना म्हणून पत्रा कापला. अखेर त्याने ते सगळे विकून नवे घेतले.

प्रतिसाद: नवी पेठ

पत्रा कापणारा माणूस आपल्या घरात असेल तर तो दोष संगणकाचा नाही. विंडोजचा मुद्दा मात्र मान्य आहे. व्हॅलोरंट न खेळणाऱ्यासाठी माझा सल्ला अजूनही कायम आहे.

प्रतिसाद: सात रस्ता

मी दोन वर्षांपूर्वी स्वतःसाठी संगणक जोडला आणि त्यात कार्ड सेकंडहँड घेतले. ते अजूनही चालू आहे, म्हणून सेकंडहँड म्हटले की नाक मुरडणाऱ्यांना थोडे थांबवावेसे वाटते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचे मायनिंग करणे, म्हणजे कार्डांना अखंड आकडेमोड करायला लावून ते चलन कमावणे, संपले. त्यानंतर बाजारात आलेल्या कार्डांना लोक सरसकट ‘पिळून काढलेली’ म्हणतात. मायनिंगमध्ये कार्ड अखंड चालते, पण बरेच जण वीज वाचवण्यासाठी ते कमी व्होल्टेजवर ठेवत असत; झिजतात ते मुख्यतः पंखे, आणि तापतात स्मृतीच्या चिप. पंखे आणि थर्मल पेस्ट बदलता येतात. विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास पूर्ण भारावर कार्ड चालवून पाहावे, पडद्यावर ठिपके किंवा रेघा येतात का हे बघावे, आणि स्क्रू आधी कोणी उघडले आहेत का तेही तपासावे. अर्धा तास चालवू न देणाऱ्याकडून कार्ड घेऊ नये.

नव्या कार्डांतही सापळे आहेतच. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसते, पण त्यात स्मृती फक्त ४ जीबी आहे आणि ते पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन, म्हणजे मार्गिका, वापरते. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर किंवा धागाकर्त्यांच्या आवडत्या ५६००जीवर ते बसवले, तर आधीच अरुंद असलेली वाट निम्मी होते. त्यापेक्षा पारखून घेतलेले जुने ६६०० केव्हाही बरे.

प्रतिसाद: विजापूर रस्ता

ताई, आपल्याला पारख आहे. अठरा वर्षांच्या मुलाला ती असेलच असे नाही. आपण सांगितलेली अर्ध्या तासाची चाचणी जानेवारीत घेतलेली असेल, तर मे महिन्यात त्याच कार्डाचे काय होईल याची हमी कोण देणार? पहिल्या संगणकात काही बिघडले, तर चूक जोडणाऱ्याची की भागाची, हेच कळत नाही. अशा वेळी निदान कार्ड तरी नवे आणि वॉरंटीचे असावे.

प्रतिसाद: सात रस्ता

मी ते मे महिन्यातच घेतले होते आणि चाचणीही दुपारी तीन वाजता केली होती. वॉरंटीचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्यासाठी मी जोखीम घेतली हेही खरे.

प्रतिसाद: जुळे सोलापूरकर (धागाकर्ता)

५६००जीचा आग्रह मी सोडत आहे. कॅश आणि पीसीआय एक्सप्रेसचा हिशेब मी केलाच नव्हता, आणि पुढच्या वर्षी पैसे मागण्याचा प्रश्न विजापूर रस्ता यांनी ज्या शब्दांत विचारला त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आता ५६०० आणि नवे ६६०० ठेवून काटछाट दुसरीकडे केली आहे. काचेचे कॅबिनेट गेले, फिल्टरची जाळी असलेले साधे आले. बी५५० ऐवजी ए५२० चा बोर्ड घेत आहे. तो पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा आहे, पण ६६०० आठ लेन वापरत असल्यामुळे तिथे फारसे नुकसान होत नाही. जुन्या साठ्यातला बोर्ड ५६०० ला ओळखत नाही असे घडू शकते, म्हणून दुकानातच बायोस, म्हणजे बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करून मगच ताब्यात घेऊ. प्रोसेसरच्या खोक्यातच पंखा येतो, त्यामुळे वेगळा कूलर रद्द केला. एसएसडी ५०० जीबीचीच राहील. एका दुकानदाराने १८ टक्के जीएसटी वाचवण्यासाठी कच्च्या बिलाचा प्रस्ताव दिला होता. अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल नसेल तर वॉरंटी मागायची कशाच्या जोरावर, असे विचारल्यावर त्याने विषय बदलला, आणि आम्ही दुकान बदलले.

५५० वॅटचा एसएमपीएस आणि यूपीएस यांवर मात्र मी हटणार नाही. कार्डाचे १३२ वॅट, प्रोसेसरचे ६५ आणि बाकीचे धरून खेळताना एकूण भार अडीचशे वॅटच्या आसपास जाईल, तेव्हा ६०० व्हीएच्या यूपीएसचे ३६० वॅट पुरतात. वीज गेल्यावर गेम जतन करून संगणक नीट बंद करण्याइतका वेळ मिळाला तरी माझे समाधान आहे.

भाच्याने यादी मान्य केली. रंगीत दिव्यांचा एक पंखा तेवढा राहू द्या म्हणाला, तो मी राहू दिला आहे.

प्रतिसाद: होटगी रोडवरून

यूपीएस घेताना आपला एसएमपीएस त्यावर चालवून पाहावा आणि मगच पैसे द्यावेत. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे वीज नीट खेचून घेणारे सर्किट, असते आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी सलग लहर, देत नाहीत. या दोघांचे काही वेळा जमत नाही आणि वीज जाताच संगणक बंदच पडतो.

प्रतिसाद: पूर्वभागकर

तो रंगीत पंखा मागच्या बाजूला, गरम हवा बाहेर टाकण्यासाठी लावावा. पुढे फिल्टरच्या मागे साधे दोन पुरेत; आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त राहिली, तर फटींतून तंतू कमी शिरतात.