फक्त मटण-मासे-अंडी: किती कडक पाळलंत? (अनुभव धागा)

कोलबाडचा_काका

आज सकाळी मटण आणायला गेलो. नेहमीचाच दुकानदार, अर्धा किलो मांडी-सीना मिक्स सांगितलं आणि फोनवर बोलत उभा राहिलो. घरी येऊन पिशवी उघडली तर आत वेगळ्या छोट्या पिशवीत पावभर चरबी. मी मागितली नव्हती, त्याने पैसेही लावले नव्हते. मग ट्यूब पेटली. मागे एकदा मी दर दोन दिवसांनी जाऊन "चरबी जास्त टाका, दुसऱ्या गिऱ्हाइकांनी नको म्हटलेली पण चालेल" असं सांगायचो, ते त्या बिचाऱ्याच्या अजून डोक्यात आहे. बायकोने पिशवी बघितली आणि म्हणाली, "परत सुरू करतोयस का? तसं असेल तर आधी सांग, मी डोंबिवलीला जाते."

तर ते साडेचार महिने. २०२२ ची दिवाळी झाली, फराळ संपला, वजन ९४. ऑफिसातल्या एकाने कार्निव्होर डाएटचं खूळ डोक्यात घातलं. म्हणजे प्राण्यापासून आलेलं तेवढंच खायचं. मटण, चिकन, मासे, अंडी, तूप, मीठ, पाणी. पोळी नाही, भात नाही, डाळ-भाजी-फळ काही नाही. सुरुवातीला मी सैल होतो, हळद-तिखट चालवून घ्यायचो. मग एक दिवस हिंगाची डबी वाचली तर त्यात गव्हाचं पीठ! त्या दिवसापासून डोकंच फिरलं. हिंग बंद, हळद बंद, मिरची बंद, कॉफी ही पण शेवटी बीच ना म्हणून ती बंद. चहा तर पहिल्याच दिवशी गेला होता.

कळस म्हणजे घणसोलीला मामेबहिणीची हळद. आगऱ्यांची हळद म्हणजे मटण आलंच, आणि ते लालभडक, वाटण घातलेलं. मी काय केलं असेल? द्रोणात गरम पाणी घेतलं, मांडवाच्या मागे गेलो आणि एकेक फोड त्यात बुचकळून, बोटाने मसाला चोळून काढून खात बसलो. पाणी पार गेरूसारखं झालं होतं. मामी ताट ठेवायला मागे आली, बघतच राहिली, आणि तिथूनच ओरडली, "अगो, यो पोर मटान धवून खातंय!" आजही त्या गावात माझी ओळख तीच आहे.

वजन ८३ वर आलं, हे खरं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, १३१ चं २०९ झालं, हे पण खरं. सुटलं कसं ते सांगतो. तलावपाळीला संध्याकाळी चालत होतो, एकाने पेरू कापून तिखटमीठ लावून ठेवला होता. एक फोड घेतली आणि इकडेतिकडे बघत खाल्ली, ऑफिसचं कोणी नाही ना म्हणून. मग दुसरी. मग अख्खा पेरू.

तुम्ही कोणी केलंय का? किती कडक? की माझ्यासारखेच वेडे?

सदा_उपाशी

मटण धुवून!!! काका दंडवत. मी ट्रेनमध्ये हसतोय, लोक बघतायत.

ऐरोलीची_सुगरण

तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा आधी. आमच्याकडे अहोंनी केलं होतं तीन महिने, अनुभव त्यांचा नाही, माझा आहे. रोज सकाळी सहा अंडी तुपात, डब्यात चिकन, रात्री मटण. सोमवार गुरुवार आम्ही घरात करत नाही, सासूबाई आहेत, मग त्या दिवशी हे गॅलरीत इंडक्शन लावून बसायचे, पावसाळा असो काही असो, छत्री धरून अंडी तळलेली मी बघितलीत. तूप महिन्याला चार किलो. मटण तेव्हा आठशेच्या आसपास किलो होतं, तुम्हीच हिशोब करा. आणि एवढं सगळं करून रविवारी मित्रांबरोबर बियर!! मी म्हटलं अहो बियर जवाची असते. तर म्हणाले ते पेय आहे. कडक वगैरे काही नसतं हो, जे आवडतं ते नियमात बसवतात.

पामबीच_पळपुटा

पेयावरून आठवलं, मी हे डाएट केलं तेव्हा पहिल्या आठवड्यात पोटाचा त्रास झाला. कोणीतरी सांगितलं फॅट भरपूर खा, तर मी नाश्त्याला अंड्यांवर वितळलेलं तूप अक्षरशः ओतून प्यायलो आणि ठाण्याहून वाशी लोकल पकडली. ऐरोली गेलं तेव्हा पोटात गुरगुर, रबाळे येईपर्यंत घाम. उतरलो. पुढचं विचारू नका. नंतर कळलं की पोटाला एवढ्या फॅटची सवय लागायला वेळ द्यावा लागतो, आणि पातळ तूप-चरबी एकदम घेतली की हेच होतं. त्यानंतर दोन आठवड्यांनी बरोबर उलटं, चार चार दिवस काही नाही. मिठाचं पाणी घ्यायला लागलो तेव्हा पायात गोळे यायचे थांबले.

सदा_उपाशी

रबाळे स्टेशनला स्मारक बांधा

मुडदुशी

चिकन ब्रेस्टवाल्यांसाठी लिहिते. माझा भाऊ जिमवाला, त्याने फॅट नको म्हणून नुसतं बोनलेस चिकन आणि अंड्याचं पांढरं, बाकी काही नाही. आठवड्यात मळमळ, जुलाब, चिडचिड, किती खाल्लं तरी भूक. मी तेव्हा यावर शोधून वाचलं तर मजाच मिळाली. स्टेफनसन म्हणून ध्रुवप्रदेशात फिरलेला एक माणूस होता, एस्किमोंबरोबर वर्षानुवर्षं मांसावर राहिलेला. लोकांचा विश्वास बसेना म्हणून १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात तो आणि त्याचा एक जोडीदार डॉक्टरांच्या देखरेखीखाली फक्त मांसावर राहिले, नंतर घरी जाऊन मिळून वर्षभर. त्याला मुद्दाम नुसतं चरबी काढलेलं मांस दिलं तर दोन-तीन दिवसांतच तो आजारी पडला, चरबी दिल्यावर बरा झाला. तिकडच्या लोकांना हे आधीच माहीत होतं, नुसत्या सशाच्या मांसावर राहिलेला माणूस भरल्या पोटी खंगतो म्हणतात. म्हणजे काका, तुमच्या मटणवाल्याची चरबीची पिशवी शास्त्रशुद्ध आहे.

पण तो वर्षभर राहिला म्हणून आपण जन्मभर राहावं असं नाही हां. दोनच माणसं होती ती.

दिवाळ्याची_नात

बोंबील खा की राव. तुम्ही लोक मटणाच्याच मागे. बेलापूरला दिवाळे गावात सकाळी या, मांदेली बांगडा काय हवं ते. आमच्या घरी आजी भात न घेता नुसती मच्छी खायची, कोणी डाएट म्हटलं नाही, भात तिला आवडायचाच नाही. फक्त जून-जुलैत काय कराल? होड्या बंद. मग सुकट आणि सुके बोंबील. माझ्या दिरानं तेच केलं पूर्ण पावसाळा, नियमात बसतं म्हणून रोज सुकं, आणि त्याचं बीपी वर. सुक्यात मीठ किती असतं हे कोणी सांगायचं! नुसतं मांस एवढंच बघितलं, मीठ बघितलंच नाही.

नौपाडा_वरणभात

मी शाकाहारी. चुकून आले. वाचतेय. थांबवत नाहीये.

सदा_उपाशी

@नौपाडा_वरणभात बसा ताई, मामलेदार मिसळ मागवू का

नौपाडा_वरणभात

तिखट मध्यम. जास्त नको, मागच्या वेळी कानातून धूर निघाला.

सुतारफेणी७१

हसण्यात एक गोष्ट राहून जायला नको म्हणून लिहितोय, जरा लांब आहे, कामातून वेळ काढून टाईप करतोय चुका माफ करा.

माझा मेव्हणा, वय ५२, कोपरखैरणे. शुगर आहे. त्याला डापाग्लिफ्लोझिनची गोळी चालू होती, ती गोळी साखर लघवीतून बाहेर काढते. यूट्यूब बघून त्याने हे डाएट चालू केलं, एकदम कडक, पहिल्या दिवसापासून शून्य पोळी-भात. डॉक्टरांना सांगितलं नाही, का तर ते ओरडतील. गोळी तशीच चालू. शुगर मस्त खाली आली म्हणून घरात पेढे वाटले, स्वतः न खाता. अकराव्या दिवशी उलट्या, पोटात दुखणं, धाप लागल्यासारखा श्वास. आम्ही मशीनवर बघितलं तर शुगर १६८. सगळे म्हणाले मटण बाधलं असेल, ओआरएस द्या. बहिणीला राहवलं नाही म्हणून रात्री दोनला घेऊन गेली. तिथल्या ड्यूटीवरच्या पोरीने, पोरगीच म्हणतो, पंचविशीची असेल, दोनच प्रश्न विचारले, गोळ्या कुठल्या आणि जेवता काय, आणि लगेच कीटोन तपासायला पाठवलं. कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन नावाची आम्लं साचणं. शुगर फार वाढलेली नसताना पण या गोळ्यांवर ते होऊ शकतं, आणि खाण्यातली कर्बोदकं (पोळी-भात-साखर) एकदम तोडली की धोका आणखी वाढतो. तीन दिवस आयसीयू.

इन्सुलिनवाले आणि ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेणारे यांचं उलटं, त्यांची शुगर धाडकन खाली जाऊ शकते. तेव्हा कडक पाळायचं की सैल हे नंतर ठरवा, गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरकडे आधी जा. ओरडू दे ओरडले तर.

ऐरोलीची_सुगरण

बापरे. आता कसे आहेत?

सुतारफेणी७१

ठणठणीत. नाचणीची भाकरी खातो आणि सगळ्यांना हेच प्रवचन देतो.

तिखटमीठ

माझी गोष्ट वजनाची नाही, पोटाची. आठ वर्षं पोट फुगायचं, कधी काय बाधेल नेम नाही, सगळ्या तपासण्या नॉर्मल. शेवटी माझ्या डॉक्टरांना विचारून, आहारतज्ज्ञ बाईंच्या नजरेखाली सहा आठवडे फक्त बोकडाचं मटण, मीठ, पाणी. तिकडे परदेशात हे बीफवर करतात, आपल्याकडे गाय आधीपासूनच आणि २०१५ पासून बैलही बंद आहे आणि मी तसंही खात नाही. इथे मात्र मी राक्षसासारखी कडक होते आणि त्याची मला लाज नाही, कारण एक चमचा मसाला गेला असता तरी अख्ख्या सहा आठवड्यांवर पाणी. वजनासाठी करणाऱ्याने चिमूटभर हळद खाल्ली तर आभाळ कोसळत नाही काका, तुम्ही उगाच मटण धुतलंत. पण कशाने त्रास होतो तेच शोधायचं असेल तर सगळं बंदच लागतं, आणि मग एकेक जिन्नस परत घेऊन बघायचा, मध्ये तीन दिवस सोडून. खरी मेहनत ती. उपाशी कोणीही राहील, परत सुरू करताना वही कोण ठेवतो!

मला नवव्या आठवड्यात सापडलं. दूध ठीक, भात ठीक, अंडी ठीक. कांदा घेतला आणि रात्रभर बसून. मग लसूण, तेच. गहू, थोडं कमी पण तेच. बाई म्हणाल्या तिन्हींत फ्रुक्टन असतं, पोटात नीट न पचणारं एक कर्बोदक. म्हणजे मटण कधी औषध नव्हतंच, मटण खाताना मी कांदा-लसूण खात नव्हते एवढंच. आता डाळ-भात-भाजी सगळं खाते, बाकी फोडणीत हिंग, आणि तो पण पीठ न घातलेला, शोधून आणलेला.

फक्त मटण करताना पंचाईत. कांदा नाही लसूण नाही. नवरा त्याला जैन मटण म्हणतो.

सदा_उपाशी

जैन मटण!! हा धागा बंद करा कोणीतरी माझं पोट दुखतंय

चिंबोरी_चोर

माझं माहेर सोलापूर, आमच्याकडे अळणी असतंच की, पोरांना आणि आजाऱ्याला देतात. मटण मीठ हळदीत शिजवायचं, तिखट घालायच्या आधी वाटीभर पाणी बाजूला काढायचं. मी कार्निव्होर केलं तेव्हा दोन महिने त्या अळणीवरच काढले आणि मला त्याचा अजिबात कंटाळा आला नाही. खरं सांगू कंटाळा माणसांचा आला. प्रत्येक हळदीकुंकवाला "अगं एक तिळगूळ तरी", सत्यनारायणाला "प्रसादाला नाही म्हणू नये". मी घेतला. शिऱ्याचा एक घास, हातावर दिला तेवढा. ग्रुपवर लिहिलं तर एकाने सांगितलं दिवस परत एकपासून मोजा. मी ग्रुप सोडला.

कोलबाडचा_काका

@चिंबोरी_चोर मी असतो तर प्रसाद धुतला असता.

@तिखटमीठ तुमचं पटलं. मला नक्की काय हवं होतं तेच मी ठरवलं नव्हतं, नुसती परीक्षा चालू होती आणि पेपरही मीच तपासत होतो. डाएट सोडल्यावर पाच महिन्यांनी एलडीएल १३८ आलं, कोणीतरी खासगी निरोपातून विचारलं होतं म्हणून लिहितो. वजन आता ८८.

मुडदुशी

त्या चरबीचं काय केलंत शेवटी?

कोलबाडचा_काका

कढईत वितळवली. मुलगा म्हणाला यात बटाटे तळूया. तळले. बायकोने पण खाल्ले, डोंबिवली रद्द.

नौपाडा_वरणभात

बटाट्यापर्यंत वाचत आले होते हो. कशाला सांगितलंत कशात तळले ते.

पामबीच_पळपुटा

दिवाळ्याला रविवारी किती वाजता जावं? गाडी लावायला जागा मिळते का?

दिवाळ्याची_नात

सातच्या आत या. गाडी लांब लावा आणि चालत या, तेवढाच व्यायाम.

गावठी_कोंबडा

धागा पूर्ण वाचला नाही पण भेजा चालतो का यात?